फेराइटची राख आणि ‘टार्गेटिंग’

मराठवाड्यात भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.ला फेराइट, म्हणजे लोहऑक्साइडवर आधारलेला चुंबकीय पदार्थ, हा घरचाच विषय. आधीच्या पिढीचा डोळा ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर आणि रेडिओतल्या अँटेनाच्या कांडीवर होता. ऑक्साइड खलात तासन्‌तास घोटायची आणि हजार अंशांपुढे भट्टीत भाजायची. सोल-जेल पद्धत आली तशी ही मेहनत सुटली. धातूंच्या नायट्रेटच्या द्रावणात सायट्रिक ॲसिड टाका, अमोनियाचे थेंब सोडत पीएच ७ वर आणा, हॉटप्लेटवर ढवळत राहा. जेल घट्ट होते, एकाएकी पेट घेते आणि बीकरभर फुगीर काळी राख उरते. नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, म्हणतात ती हीच. खर्च बेताचा, त्यामुळे आपल्याकडे ती रुजली यात नवल नाही.

अशा चुंबकीय कणांनी कर्करोगाची गाठ तापवण्याची कल्पना मात्र १९५७ सालची. कुत्र्यांच्या लसिकाग्रंथींत लोहऑक्साइडचे कण सोडून १.२ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राने त्या तापवल्या गेल्या. गाठ ४२ ते ४६ अंशांवर ठेवली की कर्कपेशी खचतात, असा हिशेब. प्रबंधांच्या शीर्षकांत कर्करोग शिरला तो बऱ्याच उशिरा.

आणि त्याच्यासोबत आला ‘टार्गेटिंग’, म्हणजे लक्ष्यवेध, हा शब्द. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून कण आपोआप झिरपून साचणे ही पहिली. ही कल्पना १९८६ ची. दुसरी, कणावर फॉलिक ॲसिड किंवा प्रतिपिंड चिकटवून विशिष्ट पेशी धरणे. तिसरी, बाहेरून चुंबक लावून कण ओढणे. यातले नेमके काय केले, हे प्रबंधात सांगायला हवे. अनेकदा केलेले असते ते एवढेच: पेशी वाढवलेल्या प्लेटमध्ये कण टाकले, एमटीटी चाचणी घेतली, किती पेशी जगल्या ते मोजले. ही विषाक्ततेची चाचणी झाली. प्लेटमध्ये वाट चुकायला जागाच नसते, मग लक्ष्यवेध कुठला? शीर्षकात तो शब्द ठेवायचा की नाही, यावर मार्गदर्शक आणि परीक्षकांत खटके उडतात. माझा कल परीक्षकांकडे आहे.

कारण शरीरात चित्र फार वेगळे दिसते. आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळतात. युरोपात मेंदूच्या गाठींसाठी किरणोपचारासोबत लोहऑक्साइडच्या द्रवाला मंजुरी मिळाली, पण तो द्रव सुईने थेट गाठीतच सोडतात.

आपल्याकडचा आणखी एक पेच कोबाल्ट फेराइटचा. चुंबकत्व भक्कम म्हणून तो सगळ्यांचा लाडका, पण कोबाल्टचे आयन सुटले की निरोगी पेशींनाही झळ बसते. म्हणून आता कणांवर सिलिका किंवा कायटोसान, पीईजी अशा पॉलिमरचा लेप चढवतात, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पहिला प्रश्न त्या लेपावरच येतो.