पिवळ्या पिशवीचा पत्ता गोवंडी : पार्श्वभूमी

गोवंडीशेजारच्या देवनारची गोष्ट प्लेगपासून सुरू होते. १८९६च्या साथीनंतर मुंबईचा कचरा लांब टाकायचं ठरलं, दुसऱ्याच वर्षी पालिकेने देवनारची खाजण जमीन घेतली आणि कचरा रुळांवरून चेंबूरकडे जाऊ लागला. कुर्ला-चेंबूर मार्ग १९०६मध्ये कचरागाड्यांसाठीच टाकला. माणसांना त्यावरून प्रवास करायला १९२४ उजाडलं. हार्बर लोकलने रोज वाशीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? डम्पिंग ग्राउंड म्हणून देवनारचं साल मात्र १९२७ धरतात.

‘लोक कचऱ्याशेजारी राहायला गेलेच कशाला?’ हा प्रश्न डम्पिंगवरच्या दर आगीनंतर येतो आणि दर वेळी उलटा विचारला जातो. १९७०च्या दशकात शहरातल्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना शिवाजीनगरच्या आखीव प्लॉटांवर आणून सोडलं ते पालिकेनेच. १९७६मध्ये अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून चिता कॅम्प वसवला. तेव्हा डम्पिंगला पन्नास वर्षं होत आली होती. नळ, गटार, दवाखाना मागाहून, तुकड्यातुकड्याने आले. मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात हा सगळा भाग ज्यात येतो तो एम-पूर्व वॉर्ड पालिकेच्या २४ वॉर्डांत तळाला होता.

त्याच वर्षी गोवंडीत रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टी पेटली. कागदोपत्री नाव ‘सामायिक जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्र’. सगळा घोळ यातल्या पहिल्या शब्दात आहे.

१९९८चे नियम आले तेव्हा रुग्णालयाने आवारात स्वतःची सोय करावी किंवा सामायिक केंद्राकडे कचरा द्यावा, दोन्ही चालत होतं. २०१६च्या नियमांनी वाट अरुंद केली : ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल, तर रुग्णालयाने स्वतःची यंत्रणा उभारायचीच नाही. कारण पटण्यासारखं आहे. पन्नास ठिकाणी पन्नास बेभरवशाच्या चिमण्या धूर ओकण्यापेक्षा एक मोठी, तपासता येईल अशी चिमणी बरी. पण ७५ किलोमीटरचं वर्तुळ गोवंडीतून काढलं की कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची सगळी मुंबई आत येते.

आपल्याकडे सामायिक विहीर असते, सामायिक बांध असतो. त्यावरून भाऊबंदकी होते, कोर्टकचेऱ्या होतात, पण पाण्यावर हक्क सगळ्यांचा असतो. इथे सामायिक आहे ती सोय. धुरावर कुणी वाटा मागत नाही.

रुग्णालयाच्या कुठल्याही वॉर्डात जाऊन पाहा. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. पिशवीवर बारकोड. प्रक्रियेविना ४८ तासांहून जास्त ठेवायची नाही. पिवळी पिशवी खाटेपासून भट्टीपर्यंत कुठे आहे हे कळावं, इतकी चोख व्यवस्था नियमांनी बांधली आहे. भट्टीच्या बाजूच्या गल्लीतल्या पेशंटला मात्र एक चिठ्ठी मिळते : ‘शीवला न्या’, म्हणजे शीवच्या मोठ्या रुग्णालयात. बाकी रिक्षावाल्याचं आणि नातेवाइकांचं नशीब. एम-पूर्व वॉर्डात पालिकेचं रुग्णालय नाही असं नाही. पण २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या वस्तीला ते पुरत नाही, म्हणून शीव.

२८ जानेवारी २०१६ची देवनार डम्पिंगची आग सगळ्यांना आठवते. धूर शहरभर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मग राजकारणी बांधावर आले. महिनाभराने उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८मध्ये सैल केली. बिल्डरांना देवनार कळलं ते तेव्हा. गोराईचं डम्पिंग २००७मध्ये आणि मुलुंडचं २०१८मध्ये बंद झालं, कांजूरच्या डम्पिंगवर भार वाढला, देवनार मात्र ‘बंद होणार’च राहिलं. २०२४मध्ये तिथली १२४ एकर जागा धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी देण्याचं ठरलं. पुढच्या वर्षी १८५ लाख टन जुना कचरा हटवण्याची सुमारे २,३६८ कोटींची निविदा निघाली. म्हणजे १९७०च्या दशकात जे केलं तेच पुन्हा, या वेळी आधी कचरा उचलून.

भट्टीविरुद्ध रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २०२३मध्ये ती दोन वर्षांत हलवण्याचा आदेश झाला. नवी जागा रायगड जिल्ह्यात, पाताळगंगा परिसरात. ती जागाही त्याच ७५ किलोमीटरच्या आत बसते.

२०२५मध्ये गोवंडीच्या रुग्णालयाचीही निविदा निघाली. ते खासगी भागीदारीत चालवायला द्यायचं असा प्रस्ताव होता. नव्या इमारतीतल्या किती खाटा पालिकेच्या दराने मिळणार आणि किती नाही, या हिशेबावरून वॉर्डात मोर्चे सुरू झाले.