जुन्या लष्करी बंदुकांवरील संरक्षक ग्रीस काढणे

लष्करी कोठारात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या बंदुकांना गंजापासून वाचवण्यासाठी फासलेले घट्ट ग्रीस उतरवण्याची क्रिया. संग्राहक अशा ग्रीसला सरसकट ‘कॉस्मोलिन’ म्हणतात. मुळात ते एका उत्पादनाचे व्यापारी नाव. फिलाडेल्फियाच्या ई. एफ. हॉटन कंपनीचा हा पेट्रोलियमजन्य पदार्थ एकोणिसाव्या शतकात मलम म्हणूनही विकला जाई. सोव्हिएत मोसिन-नागान्त रायफली दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्त करून ज्यात जपल्या ते ग्रीस वेगळे, पण काढण्याची रीत तीच.

ताजे कॉस्मोलिन मऊ असते. त्यातले उडून जाणारे घटक गेले की त्याचे तपकिरी मेण होते, आणि खाचांमधून ते नखानेही निघत नाही. मात्र साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअसला ते वितळते. सगळी युक्ती या एका गुणावर उभी आहे.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती सुटी करतात. धातूचे भाग उकळत्या पाण्यात किंवा न तापवलेल्या रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासतात. पेट्रोलचा मोह टाळावा, त्याची वाफ चटकन पेट घेते. ग्रीस निघालेले पोलाद उघडे पडते व लगेच गंजू लागते, म्हणून कोरडे होताच तेलाचा हात फिरवावा लागतो. नळी आणि बोल्टचा (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाचा) आतला भाग सर्वांत महत्त्वाचा. एसकेएस या सोव्हिएत रायफलीत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करणारी सळई, मोकळी हलणारी असते. ती ग्रीसमध्ये पुढे अडकून राहिली, तर बोल्ट बंद होतानाच, चाप न ओढता गोळी सुटू शकते.

लाकडी दस्त्याला घाई चालत नाही. त्याला काळ्या पिशवीत गुंडाळून कडक उन्हात ठेवतात. ग्रीस घामासारखे बाहेर येते, ते पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. काहीजण खडूची भुकटी थापून ते शोषून घेतात. दस्ता द्रावकात बुडवून ठेवणे किंवा सँडपेपरने घासणे म्हणजे संग्रहमूल्यावर पाणी सोडणे: लाकडावर उमटवलेले कारखान्याचे ठसे पुसट होतात. मोसिनच्या दस्त्यावर लाखेचे पॉलिश असते. ते अल्कोहोलमध्ये विरघळते, मिनरल टर्पेंटाइनमध्ये नाही. नवशिके नेमकी स्पिरिटची बाटली उघडतात.

इतके करूनही लाकूड पूर्ण कोरडे होईलच असे नाही. गोळीबाराने नळी तापली की दस्त्याच्या शिरांतून तपकिरी थेंब पुन्हा पाझरतात.