सर सोबत येतील ना? अमेरिकेच्या कॉलेजात खेळायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

क्रीडा शिष्यवृत्तीची चौकशी करायला आमच्या कार्यालयात येणाऱ्या पालकांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. फी किती माफ होईल, आणि जेवणाचे काय? तिसरा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि पुढे मनस्ताप होतो तो नेमका त्यावरूनच. मुलगी भारताकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरेल तेव्हा तिच्या कॉलेजचे कोच तिथे असतील का?

आपल्याला हा प्रश्न सुचत नाही, कारण आपल्याकडचे सर सगळीकडे असतात. पहाटे साडेपाचला मैदानावर सर, जिल्हा स्पर्धेला जाणाऱ्या एसटीत सर, नॅशनलच्या वेळी स्लीपरच्या वरच्या बर्थवर सर, आणि हरून आल्यावर घरी येऊन समजूत घालणारेही सरच. म्हणून अमेरिकेतल्या कोचने ‘या स्पर्धेला मी येऊ शकत नाही’ असे कळवले की आईवडिलांना वाटते, या माणसाने अंग काढून घेतले. बहुतेक वेळा तसे नसते. त्या कोचचे हात नियमांनी बांधलेले असतात. हे नियम तुम्हाला आधीच माहीत असावेत, यासाठी हे पत्रक.

नियम कुणाचे आणि कशासाठी

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संघटना पाहते. १९०६ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे मुख्यालय इंडियानापोलिसला आहे. सुमारे अकराशे कॉलेजे तिची सभासद आहेत आणि ती तीन डिव्हिजनमध्ये विभागलेली आहेत. खाली लिहिलेले नियम डिव्हिजन एकचे आहेत, कारण आमच्याकडून जाणारी बहुतेक मुले तिथे जातात. डिव्हिजन तीनमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती मिळतच नाही आणि तिथले नियम वेगळे आहेत.

कोचवर बंधने का, हे समजून घेतले तर पुढचे सोपे जाते. शिष्यवृत्तीची दोरी कोचच्या हातात असते. तो ‘ये’ म्हणाला तर नाही म्हणण्याची ताकद अठरा वर्षांच्या मुलात नसते. पूर्वी सरावाच्या तासांना मर्यादाच नव्हती आणि अभ्यास मागे पडायचा. १९९१ च्या अधिवेशनात तासांची मर्यादा ठरली. शिवाय एखाद्या श्रीमंत कॉलेजने आपला अख्खा संघ आणि कोच बाहेरच्या स्पर्धांमधून वर्षभर फिरवावेत आणि बाकीच्यांनी पाहत राहावे, हेही टाळायचे होते. आमच्या मते यातला पहिला हेतू फार मोलाचा आहे. आपल्याकडे खेळापायी बारावी बुडालेली मुले आम्ही जवळून पाहिली आहेत.

तासांचा हिशेब

हंगाम चालू असताना कोचच्या देखरेखीखालचा सराव दिवसाला जास्तीत जास्त ४ तास आणि आठवड्याला २० तास, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. स्पर्धेचा दिवस, मग ती स्पर्धा कितीही वेळ चालो, ३ तासांचा धरतात. प्रवासाचा वेळ, फिजिओकडचे उपचार आणि अभ्यासाचे तास यात मोजत नाहीत. मात्र कोचसोबत बसून सामन्याचा व्हिडिओ पाहणे मोजतात. तेव्हा कोच स्पर्धेला आले नाहीत तरी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर चर्चा करतील, असे परस्पर गृहीत धरू नका.

हंगाम संपला की आठवड्याचे २० तास ८ वर येतात आणि सुट्टीचे दिवस दोन होतात. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यापासून पेपर संपेपर्यंत तर हंगामाबाहेर असा सराव घेताच येत नाही. पोहणे, टेनिस, तलवारबाजी यांसारख्या खेळांत हंगाम १४४ दिवसांचा असतो. आंतरराष्ट्रीय कॅलेंडर मात्र या १४४ दिवसांना विचारून आखलेले नसते. आशियाई किंवा जागतिक स्पर्धा हंगामाच्या बाहेर आली, की ऐन तयारीच्या आठवड्यांत कोचच्या हातात तासच उरत नाहीत. पालकांना हा सगळ्यांत मोठा धक्का असतो.

बाहेरचा संघ

तासांपेक्षाही कडक नियम ‘बाहेरच्या संघा’चा आहे. ज्या बाहेरच्या संघात त्या कॉलेजचा, खेळण्याची पात्रता शिल्लक असलेला खेळाडू आहे, त्या संघाशी कॉलेजच्या कोचने कोणत्याही नात्याने संबंध ठेवायचा नाही. प्रशिक्षक म्हणून नाही, पंच म्हणून नाही, सोबत खेळाडू म्हणूनही नाही. हे सत्र चालू असताना लागू आहे, तसेच उन्हाळ्याच्या सुट्टीतही. सांघिक खेळांत एकाच कॉलेजचे किती खेळाडू एका बाहेरच्या संघात असावेत यालाही मर्यादा आहे. बास्केटबॉलमध्ये दोन आणि फुटबॉलमध्ये (तिकडे त्याला सॉकर म्हणतात) पाच.

या भिंतीला एक दार आहे आणि आपल्या मुलांसाठी तेच महत्त्वाचे. ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद, जागतिक विद्यापीठ स्पर्धा अशा ठिकाणी देशाचे अधिकृत प्रतिनिधित्व करणाऱ्या संघाला सवलत मिळते. राष्ट्रीय संघटनेच्या प्रशिक्षण शिबिरांतही कॉलेजचा कोच स्वतःच्या विद्यार्थ्याला शिकवू शकतो, पण तीन गोष्टी असतील तर. शिबिर त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने भरवलेले आणि चालवलेले असले पाहिजे, कोचची निवड तिनेच केलेली असली पाहिजे आणि खेळाडूंची निवडही तिनेच. भारताकडून खेळणाऱ्या मुलासाठी ही संघटना म्हणजे आपला त्या त्या खेळाचा राष्ट्रीय महासंघ.

म्हणजे किल्ली कॉलेजकडे नाही, महासंघाकडे आहे. ‘कॉलेजने कोचला पाठवावे’ असे पत्र पालक आमच्याकडून लिहून घ्यायला येतात. ते पत्र चुकीच्या दारावर जाते. कोचचे नाव भारताच्या पथकात घालायचे की नाही हे महासंघ ठरवतो, आणि पथकातल्या अधिकाऱ्यांची संख्याही मोजकीच असते. दिल्लीच्या पत्राला वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करा.

विनंती मुलानेच करायची

सुट्टीचा नियम लहान आहे, पण तो ठाऊक नसल्याने अनेकांची सुट्टी फुकट जाते. वैयक्तिक खेळांत, सुट्टीच्या काळात, कॉलेजचा कोच आपल्या खेळाडूचा वैयक्तिक सराव घेऊ शकतो. अट एकच: ती मागणी खेळाडूकडून आली पाहिजे. कोचने ‘सुट्टीत ये, मी सराव घेतो’ म्हणायचे नाही. आपली मुले मोठ्यांनी बोलावल्याशिवाय पुढे होत नाहीत, तसेच त्यांना वाढवलेले असते. इकडे कोच बोलावत नाहीत म्हणून मुलगी खोलीत बसून, तिकडे तिने विचारले नाही म्हणून कोच गप्प. तिला सांगा, स्वतः ई-मेल कर. दोन ओळी पुरतात, आणि ती ई-मेल जपून ठेव.

जो सराव ‘ऐच्छिक’ म्हणवला जातो तो खरोखर ऐच्छिक असावा लागतो: मागणी खेळाडूची, हजेरी कोचकडे जाणार नाही, कोचला काही कळवण्याची सक्ती नाही, आणि न गेल्यास शिक्षा नाही. जिम्नॅस्टिक्स, पोल व्हॉल्ट, तलवारबाजी अशा इजेचा धोका असलेल्या खेळांत अशा सरावाच्या वेळी कोच कॉलेजच्या नेहमीच्या जागेत हजर राहू शकतो. सुरक्षिततेसाठी तो काही सांगू शकतो, पण सराव घेऊ शकत नाही.

ते एक मिनिट

आमच्याकडून गेलेल्या एका तलवारबाज मुलीचे उदाहरण देतो. बादफेरीची लढत १५ गुणांची असते, तीन-तीन मिनिटांचे तीन भाग आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती. त्या मिनिटात एका व्यक्तीला खेळाडूजवळ जाता येते. कॉलेजात दोन वर्षे त्या मिनिटाला तिचे कोच शेजारी यायचे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र पथकासोबतचे प्रशिक्षक आले. ते चांगले होते, पण तिचा खेळ त्यांनी चार दिवसांपूर्वीच पहिल्यांदा पाहिला होता. ती १० गुणांवर हरली. फोनवर रडत म्हणाली, ‘काय करायचं ते मला माहीत होतं, पण कुणीतरी ते म्हणायला हवं होतं.’ पुढच्या वेळी तिने कॉलेजच्या कोचकडून आपल्या खेळाची एक पानभर टिपणी निघण्याआधीच लिहून घेतली, आपल्या ठरलेल्या तासांत, आणि पथकाच्या प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी दिली. तेव्हापासून प्रत्येक मुलाला आम्ही हेच करायला सांगतो. या पत्रकातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

मोठ्या खेळाडूंचेही असेच असते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्सला मागे टाकून सुवर्ण जिंकणारा जोसेफ स्कूलिंग तेव्हा टेक्सास विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि तिथे एडी रीस यांच्या हाताखाली पोहत होता. सिंगापूरच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक मात्र सर्जिओ लोपेझ होते. ते स्कूलिंगला शाळेपासून ओळखत होते, हे त्याचे भाग्य. फ्रान्सचा लिऑं मार्शां ॲरिझोना स्टेटमध्ये बॉब बोमन यांच्याकडे घडला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हे अमेरिकी कोच फ्रान्सच्या पथकासोबत होते, आणि मार्शांने चार वैयक्तिक सुवर्णे जिंकली. फ्रान्सच्या महासंघाने बोमन यांना आपल्यात घेतले म्हणून हे जमले. शिवाय मार्शांने तोवर कॉलेजकडून पोहणे थांबवले होते.

तारखांची टक्कर

कोच येणार की नाही याच्या आधी कधी कधी मुलाला जाता येईल का, हाच प्रश्न उभा राहतो. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून खेळायचा. २०२२ च्या जूनमध्ये त्याने एनसीएएचे विजेतेपद मिळवले, पण त्याच सुमारास चेन्नईत आंतरराज्य स्पर्धा होती आणि राष्ट्रकुल निवडीसाठी तिथे उतरणे आवश्यक होते. तो तिथे उतरला नाही, आणि निवडीचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. शेवटी तो राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बर्मिंगहॅमला पोहोचला आणि २.२२ मीटर उडी मारून त्याने कांस्य जिंकले. राष्ट्रकुल स्पर्धांत उंच उडीतले हे भारताचे पहिले पदक. सगळ्यांना कोर्टापर्यंत जाता येत नाही. म्हणून महासंघाचे निवड धोरण आणि कॉलेजचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून ऑगस्टमध्येच पाहा. सूट हवी असेल तर महासंघाला लेखी कळवा.

प्रवेशाआधी स्पर्धेत कोच भेटले तर

मुलगा अजून अकरावी-बारावीत आहे आणि परदेशातल्या ज्युनियर स्पर्धेत एखाद्या कॉलेजचे कोच स्टँडमध्ये बसलेले दिसले, तर धावत जाऊन ओळख करून देऊ नका. स्पर्धा चालू असताना, मुलाला त्याच्या संघाने मोकळे करेपर्यंत, त्यांना त्याच्याशी बोलायची परवानगी नसते. ते मान वळवून निघून गेले तर अपमान समजू नका.

सही करण्यापूर्वी

कोचला सरळ विचारा: तुमचे किती विद्यार्थी आपापल्या देशाकडून खेळतात, आणि त्यांच्या स्पर्धांना तुम्ही कोणत्या नात्याने गेलात? उत्तर गोलमोल आले तर पुन्हा विचारा. कोचच्या तिकिटाचा खर्च कोण करणार, हेही तेव्हाच कळू दे. पण अंतिम उत्तर कोचचे मानू नका. प्रत्येक कॉलेजात नियमपालन पाहणारे कम्प्लायन्स ऑफिस असते. दर स्पर्धेआधी मुलाने तिथे स्पर्धेचे नाव, तारखा, भरवणारी संघटना आणि कोचची अपेक्षित भूमिका लिहून पाठवावी आणि लेखी उत्तर घ्यावे. नियमपुस्तिकेत दरवर्षी दुरुस्त्या होतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राचे उत्तर चालत नाही. आपल्या पत्रकाचेही तेच. आणि ‘एवढं चालतं’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसावर विसंबू नका. नियम मोडला गेला तर कॉलेज स्वतःच ते एनसीएएला कळवते, आणि त्यात मुलाचे खेळणे अडकू शकते.

आमच्याकडे येताना मुलाचे शिष्यवृत्तीपत्र, महासंघाचे या वर्षीचे वेळापत्रक आणि कॉलेजचे शैक्षणिक कॅलेंडर घेऊन या. शक्यतो मुलालाच आणा, कारण ई-मेल त्याच्याकडून जायची आहे.