कॅलिक्समधला खडा आणि डायव्हर्टिक्युलममधला खडा

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात अनेकदा ‘मूत्रपिंडाच्या वरच्या भागात ८ मिलिमीटरचा खडा’ एवढाच उल्लेख असतो. तो खडा नेहमीच्या कॅलिक्समध्ये आहे की कॅलिक्सला लागून असलेल्या डायव्हर्टिक्युलममध्ये, हे त्यावरून कळत नाही. उपचार मात्र नेमके त्यावरच ठरतात.

कॅलिक्स हा मूत्रपिंडाच्या नैसर्गिक रचनेतला भाग असून तयार झालेले मूत्र प्रथम त्यात उतरते आणि पुढे मूत्रवाहिनीकडे जाते. डायव्हर्टिक्युलम ही मूत्रपिंडाच्या गाभ्यात असलेली, बहुधा जन्मजात मानली जाणारी पिशवी होय. तिचे अस्तर मूत्र तयार करत नाही. शेजारच्या कॅलिक्समधले मूत्रच अरुंद मानेतून तिच्यात उलट शिरते आणि सुरईतल्या पाण्यासारखे सहजी बाहेर पडत नाही. साचलेल्या मूत्रात, विशेषतः त्यात कॅल्शियम अधिक असेल तर, खडे धरतात. शिरेतून औषध देऊन काढलेल्या एक्स-रेंमध्ये हजारी सुमारे २ ते ६ जणांत अशी पिशवी आढळली आहे, म्हणजे ती दुर्मीळ असली तरी अगदी ऐकिवात नसलेली नव्हे.

सोनोग्राफीत ही पिशवी साध्या सिस्टसारखी, म्हणजे पाण्याने भरलेल्या गाठीसारखी, दिसू शकते, आणि खड्याने ती पूर्ण भरली असेल तर पिशवी दिसतच नाही. साध्या सीटी स्कॅनमुळे खड्याचा आकार आणि घनता समजते, पण मान दिसत नाही. म्हणून संशय असल्यास सीटी युरोग्राफी करावी लागते आणि तिच्यातल्या उशिराच्या प्रतिमा टाळून चालत नाही, कारण शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट औषध कॅलिक्समध्ये आधी आणि डायव्हर्टिक्युलममध्ये मागाहून उतरते, तर साध्या सिस्टमध्ये ते उतरतच नाही. पिशवीत खड्याऐवजी कॅल्शियमचा पातळ गाळ असेल, तर रुग्णाने कूस बदलताच त्याची पातळीही सरकते. ही तपासणी करण्यापूर्वी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे कितपत काम करतात ते दाखवणारे प्रमाण, पाहून घेतात.

कॅलिक्समधला लहान खडा बाहेरून ध्वनिलहरींनी फोडल्यास त्याचा चुरा मूत्रावाटे पडण्याची चांगली शक्यता असते. खालच्या कॅलिक्समध्ये ती कमी होते. डायव्हर्टिक्युलममध्येही खडा फुटतो, पण चुऱ्याला वाट तीच अरुंद मान असते. त्यामुळे वेदना कमी झाली तरी बहुतेक नोंदींत पूर्ण खडामुक्त होणारे रुग्ण निम्म्याहून कमी भरतात. केवळ ‘चिरफाड नाही’ म्हणून हा उपचार आधी करून पाहणे मला पटत नाही. कुळथाचे कढण जेवणात असायला हरकत नाही, मात्र त्याने या पिशवीतला खडा बाहेर येणार नाही.

वरच्या किंवा मधल्या भागातल्या, आखूड मानेच्या पिशवीसाठी लवचीक दुर्बीण मूत्रमार्गातून वर नेतात, मान लेसरने रुंद करतात आणि खडा काढतात. मानेचे तोंड सापडत नसेल, तर निळा रंग सोडून तो कुठून परत झिरपतो हे पाहतात. पाठीमागच्या बाजूच्या आणि मोठ्या खड्यांसाठी पाठीतून थेट पिशवीत छिद्र करून केलेली पीसीएनएल अधिक खात्रीची ठरते. तिच्यात खडा निघतोच, शिवाय मान रुंद करता येते किंवा अस्तर जाळून पिशवी बुजवता येते. वरच्या भागात छिद्र बरगडीच्या वरून करावे लागले, तर फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका वाढतो. पुढच्या बाजूला असलेल्या, वरचा थर पातळ झालेल्या मोठ्या पिशवीसाठी लॅपरोस्कोपीचा विचार होतो.

त्रास नसेल तर कशालाच हात न लावता सोनोग्राफीने लक्ष ठेवता येते. वेदना, वारंवार संसर्ग, लघवीतून रक्त किंवा वाढता आकार, ही उपचाराची कारणे. यांतली वेदना नीट तपासावी लागते, कारण डायव्हर्टिक्युलममधला खडा बऱ्याचदा कळा न आणता कुशीत मंद दुखत राहतो, आणि ठाण्याहून वाशीला रोज लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसाची पाठही तशीच दुखू शकते. ते दुखणे मणक्याचे असेल, तर खडा काढूनही ते थांबणार नाही.