गिरणगावाने गायलेली मुंबई

मुंबईवरच्या मराठी कवितेचा माग काढत मागे गेलं, तर वाट कवितासंग्रहांच्या आधी तमाशाच्या बोर्डावर पोहोचते. पठ्ठे बापूरावांनी (१८६६-१९४५) ‘मुंबई नगरी बडी बाका, जशी रावणाची दुसरी लंका’ ही लावणी रचली, ती गावाकडून आलेल्या माणसाच्या विस्फारलेल्या डोळ्यांनी. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. पण त्या कौतुकातही उपमा आहे ती लंकेची. सोन्याची खरी, पण रावणाची. मुंबईची स्तुती करताना मराठी कवी हा खडा पुढेही टाकत राहिले.

लावणी ऐकणारा प्रेक्षक गिरण्यांनी आणला. ताडदेवला पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, शिवडी, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कोकणातून आणि घाटावरून पुरुष आले. बायकामुलं बहुतेकदा गावीच राहिली. चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं, जेवायला खानावळ, आणि सोबतीला गावकऱ्यांचं मंडळ. कोकणातल्यांनी नमन आणि जाखडी हे नाच-गाण्याचे प्रकार आणले, घाटावरच्यांनी लावणी, पोवाडा, भारूड. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन शाहिरी पक्षांच्या, सवाल-जवाबात शाहिराला जागच्या जागी उत्तर जुळवावं लागे. शहराची कविता इथे आधी गळ्यात तयार झाली, कागदावर नंतर आली, आणि श्रोत्यांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून तिचं काही अडलं नाही.

याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. बापूरावांच्याच वाटेवर त्यांनी स्वतःची ‘मुंबईची लावणी’ लिहिली, पण नजर फिरवली: एका बाजूला मलबार हिलची श्रीमंती, दुसऱ्या बाजूला परळात रात्रंदिवस राबणारे. लावणीचा साज तोच, शहराकडे पाहणारा मात्र आता पाहुणा नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड (लावणीच्या वळणाचं गाणं) तर मला या सगळ्या परंपरेचा कळस वाटते. सुरुवात अगदी खासगी: पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा, मागे राहिलेली बायको, तिचं रूप, तिची समजूत काढणं. मग मुंबई येते: यंत्रं, शेंडी आणि दाढी, हडसनची मोटार, नायलॉन-जॉर्जेटच्या साड्या, सगळं एका दमात. शेवटी कळतं की ताटातूट एका जोडप्याची नाही. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिलेल्या महाराष्ट्राचीही तीच गत आहे. खोलीत एकट्या झोपणाऱ्या कामगाराला राजकारण समजावून सांगायची गरजच उरली नाही, कारण ते त्याच्याच घरातलं दुःख होऊन आलं होतं. कविता आपल्या माणसांचा गौरव कसा करते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

छापील कवितेत मर्ढेकरांनी माघातल्या पहाटेचं बंदर विलक्षण देखणं केलं, आणि यंत्रयुगातल्या माणसाची घुसमटही तेवढ्याच ताकदीने मांडली. पण चाळीच्या आतून बोलणारा आवाज पुस्तकात आला तो नारायण सुर्व्यांमुळे. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला अनाथ मुलगा, पुढे शाळेत शिपाई, मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) यांत रस्ता, कारखाना, संप, शेजारीपाजारी हेच शिक्षण देतात. सुर्व्यांच्या ओळी सभेत म्हणता येतात, हा शाहिरीचाच वारसा. १९९५ च्या परभणी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ मध्ये आला. कामाठीपुऱ्याच्या आसपासची जी वस्ती गिरणगावाच्या गाण्यांतही क्वचितच आली होती, ती तिच्याच भाषेत बोलू लागली. त्याला त्या माणसांचा गौरव म्हणावा का, असा प्रश्न पडू शकतो. मी म्हणेन, हो. ज्या माणसांची शहराने मोजदादही केली नाही, त्यांना नावानिशी कवितेत आणणं हा त्यांचा मानच आहे.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले, कामगारांची कुटुंबं पांगली. शाहिरीचं खरं नुकसान इथे झालं: कवी मिळतीलही, पण पाळी सुटल्यावर मैदानात जमणारा, ओळ उचलून धरणारा श्रोता एकाच ठिकाणी राहिला नाही. परळचं १९२२ चं दामोदर नाट्यगृह नमन आणि शक्ती-तुऱ्याच्या मंडळींचं हक्काचं ठिकाण होतं. तेही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, आणि ते वाचवायला लोककलावंतांनाच आवाज उठवावा लागला.