डिझेलचा परतावा आणि राधानगरीची होडी

कोल्हापूरच्या बाजारात सुरमई, बांगडा येतो तो कोकणातून, बर्फाच्या पेट्यांत, आंबा नाहीतर गगनबावड्याचा घाट चढून. गाडीचे डिझेल सर्वांना दिसते. नौकेचे दिसत नाही, आणि सरकारी मदतीचा खरा इतिहास त्या डिझेलभोवतीच फिरतो.

होड्यांना इंजिन लावा, असा आग्रह मुळात सरकारचाच. १९५२ मध्ये भारत-नॉर्वे करार झाला आणि केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांचे प्रयोग सुरू झाले. पुढे सहकारी संस्थांमार्फत कर्ज आणि अनुदान मिळत गेले, तशा महाराष्ट्राच्या बंदरांतही यांत्रिक नौका वाढल्या. त्याची किंमत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजली आहे. १९६१ मध्ये एक टन मासळीमागे साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाई. २०१० मध्ये हे प्रमाण एक टनाच्या थोडे पुढे गेले. त्यातही मोठ्या यांत्रिक नौकांचे उत्सर्जन बाहेरून मोटर लावलेल्या छोट्या होड्यांच्या जवळपास दुप्पट.

महाराष्ट्रात मच्छीमार डिझेल पूर्ण भावाने घेतो आणि त्यावरचा विक्रीकर सरकार मागाहून परत करते. हाच 'डिझेल परतावा'. तो वर्षानुवर्षे थकतो, ही तक्रार जुनीच. माझ्या मते त्याहून मोठी खोट मोजमापात आहे. परतावा लिटरवर मिळतो. जास्त जाळेल त्याला जास्त.

कोल्हापूर जिल्ह्यातला मच्छीमार या हिशेबात बसतच नाही. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले, नंतर काळम्मावाडीसारखे जलाशय झाले. अशा तलावांचा ठेका सहकारी संस्था घेतात, बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, सोडतात आणि भोई समाजातले लोक लहान होडीतून जाळे टाकून रोहू, कटला काढतात. इंजिनच नाही, मग परतावा कसला?

२०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, २०,०५० कोटींची. बर्फाची पेटी बसवलेल्या मोटारसायकली आणि तीनचाकी, शीतगृहे, पिंजऱ्यातील मत्स्यपालन यांना ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. पाटीत मासे घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईपर्यंत पोहोचू शकेल अशी ही मदत; मात्र उरलेले ४० टक्के आधी उभे करावे लागतात.

२०२१ मध्ये भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. जागतिक व्यापार संघटनेत २०२२ मध्ये मासेमारी अनुदानांना आळा घालणारा करार झाला, तेव्हा भारत विकसनशील देशांसाठी त्या बंधनांतून २५ वर्षांची सवलत मागत होता. छोट्या मच्छीमाराचे पोट हा त्यामागचा युक्तिवाद, आणि तो खराही आहे. फक्त त्याच्या आडून मोठ्या ट्रॉलरचे डिझेलही सुटते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला; कर्ज आणि वीज शेतीच्या दराने मिळण्याची वाट मोकळी झाली. गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीलाही त्याचा लाभ आहे. पण स्वस्त वीज कोळशाचीही असू शकते. तळ्यावरच्या पंपाला आणि बर्फाच्या कारखान्याला सौरऊर्जा हवी असेल, तर त्याची तरतूद वेगळी मागावी लागेल.