गोळाफेकीतला रॅप: आधार कुठे संपतो, मदत कुठे सुरू होते (पार्श्वभूमी)

गोळाफेकीत मनगटाला रॅप, म्हणजे आवळून बांधायची पट्टी, गुंडाळणं आता इतकं कॉमन झालंय की यावरून कधी भांडणं व्हायची हे नव्या पोरांना खरं वाटत नाही. आणि भांडण रॅपचं नव्हतंच, 'हात' या शब्दाचं होतं.

आंतरराष्ट्रीय नियमात बरीच वर्षं असं होतं की पंजाला टेप चालणार नाही, उघडी जखम झाकायची असेल तरच, आणि हातोडाफेकीत एकेक बोट वेगळं गुंडाळलं तर चालेल. मनगटाबद्दल त्या वाक्यात अवाक्षर नाही. इंग्रजी नियमातला 'हँड' म्हणजे फक्त पंजा, पण मराठीत हात म्हणजे खांद्यापासून नखापर्यंत सगळंच, त्यामुळे मैदानावर पोचलं ते एवढंच, "हाताला टेप चालत नाही". एका स्पर्धेत पंचांनी माझं मनगटाचं क्रेप बँडेज सोडायला लावलं, आणि शेजारच्याने तळहातावरचा सालपट निघालेला जुना फोड दाखवून जखमेच्या नावाखाली अख्खा पंजा गुंडाळून घेतला. असला नियम!

मुळात ७.२६ किलोचा गोळा सुटताना मनगट मागे मुडपतं, रॅप ते मुडपणं रोखतो, बास. फार आवळला तर बोटांना मुंग्या येतात आणि शेवटचा झटका मरतो, म्हणून पोरं दोन फेकींच्या मधे तो सैल करून बसतात. अंतर वाढतं ते दुखण्याची धास्ती जाते म्हणून, असं माझं मत.

पुढे नियम सैलावला. पंजाला सलग टेप चालतो, फक्त प्रत्येक बोट सुटं हललं पाहिजे आणि स्पर्धेआधी मुख्य पंचांना दाखवायचा. दोन बोटं एकत्र बांधायची नाहीत, हे पटतं. पण 'मदत करणारं कुठलंही साधन नको' हे मोघम कलम आहेच. पॉवरलिफ्टिंगमधे खांद्यावर वजन घेऊन बैठकीतून उठताना गुडघ्याचा ताणलेला रॅप स्प्रिंगसारखा ढकलतो, मग कोपराला तसलंच घट्ट इलॅस्टिक बांधलं तर तो आधार की साधन?

कातडीवर चिकटवायचा रंगीत ताणता येणारा टेप (किनेसिओ टेप) जपानमधे १९७९ला आला, २००८च्या बीजिंगनंतर सगळीकडे दिसायला लागला, त्याने ताकद वाढते असं ठोस काही निघालेलं नाही. भालाफेकीत आपल्या सुवर्णविजेत्या नीरज चोप्राच्या कोपराचं ऑपरेशन २०१९ला मुंबईत झालं, २०२१ला टोकियोत ८७.५८ मीटर, आणि आता तालुक्याच्या मैदानावरही कोपराला स्लीव्ह (घट्ट बाही) चढवलेली पोरं दिसतात. स्लीव्हने कोपर गरम राहतं, आतल्या लिगामेंटवरचा (हाडं जोडणाऱ्या पट्ट्यावरचा) ताण ती घेत नाही.